पाब्लो कासाल्स यांचा शिक्षणकाल : एक विचार

व्यावसायिक वादकाचे चरित्र लिहिताना शिक्षण आणि उपजीविका ही दोन स्वतंत्र प्रकरणे मानण्याचा प्रघात आहे. आधी शिक्षण, मग अर्थार्जन, असा क्रम त्यात गृहीत असतो. कॅटलोनियातील चेलोवादक पाब्लो कासाल्स (१८७६–१९७३) यांच्या पूर्वायुष्याकडे पाहता हा क्रम टिकत नाही.

कासाल्स यांचा जन्म वेंद्रेल या गावी झाला. वडील तेथील चर्चमध्ये ऑर्गनवादक होते व संगीताचे पहिले पाठ त्यांनीच दिले. तथापि संगीतावर पोट भरणे किती कठीण, हे ते अनुभवाने जाणत होते. मुलाने सुतारकाम शिकावे असा त्यांचा मानस होता. आईने मात्र १८८८ मध्ये मुलास बार्सेलोनाच्या नगरपालिका संगीत विद्यालयात आणले. तेथे जोसेप गार्सिया हे त्यांचे चेलोचे गुरू होत.

वादकाने उजवा हात अंगाशी आवळून धरावा, असा त्या काळी दंडक होता. त्यासाठी सरावाच्या वेळी काखेत पुस्तक धरावयास लावीत. विद्यार्थिदशेतच कासाल्स यांनी हा दंडक झुगारला. गजाचा हात त्यांनी मोकळा केला आणि डावा हात वारंवार सरकविण्याऐवजी बोटे ताणून पल्ला वाढविण्याची रीत अंगीकारली. हात सरकताना दोन स्वरांमध्ये येणारी अनावश्यक घसीट त्यामुळे टळली.

याच काळात ते ‘काफे तोस्त’ येथे एका त्रयीत वाजवून अर्थार्जन करीत होते. आठवड्यातून एक रात्र केवळ अभिजात संगीतासाठी राखावी, हे त्यांनी मालकाच्या गळी उतरविले. संगीतकार आल्बेनिस यांनी त्यांना येथेच ऐकले व माद्रिदच्या काउंट मोर्फी यांच्या नावे शिफारसपत्र दिले. १८९० मध्ये एका जुन्या दुकानात त्यांना बाखच्या एकट्या चेलोसाठीच्या सहा रचनांची प्रत सापडली. त्या काळी या रचना अभ्यासाचे पाठ म्हणूनच ओळखल्या जात. त्या जाहीरपणे वाजविण्यापूर्वी कासाल्स यांनी सुमारे बारा वर्षे त्यांचा अभ्यास केला. हे अध्ययन कोणत्याही विद्यालयाच्या अभ्यासक्रमात नव्हते.

मोर्फी यांच्यामुळे राजमाता मारिया क्रिस्तिना यांच्याकडून वेतन मिळू लागले. १८९५ मध्ये पुढील शिक्षणासाठी कासाल्स ब्रुसेल्सला गेले. तेथील प्राध्यापकाने वर्गासमोर त्यांची थट्टा केली, परंतु वादन ऐकताच प्रवेश देऊ केला. तो नाकारून कासाल्स पॅरिसला निघून गेले. परिणामी राजवेतन बंद झाले. पॅरिसमध्ये एका नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात दुय्यम चेलोवादकाची नोकरी पत्करावी लागली. अखेर कुटुंब बार्सेलोनास परतले आणि कासाल्स यांना विद्यालयात गार्सिया यांचीच जागा मिळाली. पुढे १८९९ मध्ये पॅरिस येथे लामूर यांच्या वाद्यवृंदासह झालेल्या वादनाने त्यांची कीर्ती युरोपभर पसरली.

विद्यालयाने पाया घातला, काफेने श्रोत्यांशी गाठ घालून दिली आणि बाखच्या एकांतातील अभ्यासाने दृष्टी दिली. आश्रय नाकारण्याची किंमत मात्र त्यांनी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पुरती ओळखली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रँकोच्या राजवटीस मित्रराष्ट्रांनी दिलेल्या अभयाच्या निषेधार्थ त्यांनी जाहीर कार्यक्रम थांबविले व प्राद येथील विजनवासातच राहणे पसंत केले. ही भूमिका वार्धक्यातील आकस्मिक हट्ट नव्हे. तिचे बीज या शिक्षणकालातच शोधावे लागेल.