काजूची वडी आणि कसारा घाट

दिवाळीच्या फराळात काजूची वडी हाती आली, की मला कसारा घाट आठवतो. घरची मंडळी हसतात. पण ह्या दोहोंचे नाते मला नाशकातल्या एका गॅरेजात कळले. मोटारीचा झिजलेला ब्रेक-लायनर हाती देत फिटर म्हणाला, ‘‘मास्तर, ह्यात काजूचं टरफल असतं बरं का!’’ मला वाटले, गृहस्थ थट्टा करतो आहे. घरी येऊन पुस्तके चाळली आणि माझीच फजिती झाली.

आमचा घाट काही साधा नव्हे. १८६५ साली आगगाडी इगतपुरीला चढली, ती ३७ फुटांना १ फूट अशा चढाने. उतरताना सारा भार ब्रेकवर. आणि ब्रेक म्हणजे मुद्दाम घडवून आणलेले घर्षण! ते कमी पडले तर गाडी दरीत. लायनर फार कठीण झाला तर ड्रमच खरवडून निघायचा.

इंग्लंडातल्या हर्बर्ट फ्रूडने १८९७ साली ब्रेकच्या ठोकळ्यांचा धंदा मांडला. आरंभी तो कापूस वापरी; १९०८ साली त्याने ॲस्बेस्टॉस आणले. त्याची झिजून उडणारी धूळ फुप्फुसांचा घात करते, हे जगाला पुढे उमगले. दरम्यान १९०७ साली बेकलंडने फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचे प्लॅस्टिक केले. ते तापून वितळत नाही, म्हणून लायनरची द्रव्ये बांधून ठेवायला उत्तम. पण स्वभावाने ठिसूळ.

ही उणीव काजूने भरून काढली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्यात आणलेले हे झाड कोकणभर फोफावले. गर खायचा, टरफल चुलीत घालायचे. ह्या टरफलातले तेल कातडी जाळते. किनाऱ्यावर ते होड्यांच्या लाकडाला लावीत. १९२० नंतर अमेरिकेत मॉर्टिमर हार्वे ह्यांनी ह्या तेलापासून राळ करण्याचा उद्योग मांडला. फिनॉलच्या प्लॅस्टिकला तिने लवचिकपणा दिला. हीच राळ घट्ट करून, दळून केलेली भुकटी लायनरमध्ये मिसळली, की ब्रेक तापला तरी पकड बरीचशी एकसारखी राहते, किंचाळणे कमी होते आणि झीजही आटोक्यात राहते.

मात्र त्याच तेलाने काजू फोडणाऱ्या बायकांची बोटे काळवंडतात, सोलवटतात. घाट सुखरूप उतरला, की आपण ड्रायव्हरला दुवा देतो. त्यातला थोडा त्या बोटांनाही पोचावा, एवढेच मला यंदा वडी उचलताना वाटते.