‘सेवा’ शब्दाची दिशा : मराठी ख्रिस्ती बालशिक्षणातील एक प्रकरण

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूने भोजनप्रसंगी उठून, कमरेला रुमाल बांधून, गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुतल्याची कथा आहे. पेत्र प्रथम पाय धुऊ देण्याचे नाकारतो. गुरूच्या आग्रहापुढे अखेर त्याचा निरुपाय होतो. लहान मुलांना नम्रता आणि परसेवा शिकविताना ख्रिस्ती जगात या कथेचा उपयोग फार जुन्या काळापासून होत आला आहे. मराठी मुलाच्या बाबतीत मात्र या पाठाची मांडणी मुळातच निराळी होते. त्याच्या परिसरात पाय धुण्याच्या कृतीला ठरलेली दिशा आहे. यजमान अतिथीचे पाय धुतो, शिष्य गुरूचे धुतो, कन्यापिता जावयाचे धुतो. आणि ते पाणी चरणतीर्थ म्हणून घेण्याचाही प्रघात आहे. त्यामुळे पेत्राचा नकार मराठी मुलाला समजावून सांगावा लागत नाही. समजावून सांगावा लागतो तो गुरूचा हट्ट.

वरवर पाहता ही अडचण शब्दांची वाटेल. परंतु शब्दांच्या बाबतीत मराठी भाषा ग्रीकपेक्षाही सुदैवी होती. ‘नम्रता’ या अर्थाने नव्या करारात येणारा ग्रीक शब्द अभिजात ग्रीकमध्ये हलकेपणा, क्षुद्रपणा, गुलामी वृत्ती सुचविणारा होता. एपिक्टेटससारखा तत्त्वज्ञ तो दोषवाचक म्हणूनच वापरतो. ख्रिस्ती लेखकांना त्याचा अर्थ पालटून घ्यावा लागला. मराठीत असे काही करण्याची गरज पडली नाही. नव्या कराराच्या प्रचलित मराठी भाषांतरात दीन, सौम्य, लीन आणि नम्र हे चारही शब्द येतात, आणि चौघांनाही भक्तिपरंपरेने आधीच प्रतिष्ठा दिलेली आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातील अमानित्वाचे विवेचन पाहावे. मान मिळाला की ज्याला ओझे होते अशा पुरुषाचे ते वर्णन आहे. तुकारामाने तर देवापाशी लहानपणच मागितले.

अडचण निर्माण झाली ती ‘सेवा’ या शब्दापाशी. मराठीत सेवा ही परंपरेने खालून वर जाणारी क्रिया आहे : देवसेवा, गुरुसेवा, मातापित्यांची सेवा, स्वामिसेवा. त्याच तेराव्या अध्यायात आचार्योपासनेचे प्रकरण येते. तेथे शिष्य गुरूच्या पादुका होऊ इच्छितो, छत्र होऊ इच्छितो, दारातला द्वारपाळ होऊ इच्छितो. सेवेची याहून उत्कट कल्पना मराठीत क्वचितच आढळेल. पण तिची दिशा एकच आहे. उलट दिशेचे दाखले परंपरेत नाहीत असे नव्हे. गोदावरीच्या तापल्या वाळवंटातून अंत्यजाचे मूल कडेवर उचलून नेणाऱ्या एकनाथांची आख्यायिका सर्वश्रुत आहे. तथापि त्या कृतीला लोक भूतदया म्हणाले, समदृष्टी म्हणाले. तिला ‘सेवा’ म्हणण्याचा परिपाठ नव्हता.

या पार्श्वभूमीवर पहिला टप्पा सतराव्या शतकातील गोव्याचा. इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मरण पावेपर्यंत त्याचे आयुष्य मुख्यतः साष्टीत गेले. त्याचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याची ‘दौत्रिन क्रिस्तां’ ही प्रश्नोत्तरी मृत्यूनंतर, १६२२ मध्ये निघाली. ती मार्कोस जोर्जे या पोर्तुगीज जेझुइटाच्या ग्रंथावरून स्थानिक भाषेत उतरविलेली आहे. क्रिस्तपुराणाचा उपोद्घातच देवळात मुले धर्मपाठ शिकत असल्याच्या प्रसंगाशी जोडलेला आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. पाठ झाल्यावर एक ब्राह्मण पाद्रीगुरूस विचारतो की, या प्रश्नोत्तरीखेरीज आम्हांस वाचावयास काही पुराण नको काय? म्हणजे मोठ्यांसाठी जे महाकाव्य झाले, त्याचे निमित्त मुलांचा वर्ग हे होते.

त्या काळच्या कॅथलिक प्रश्नोत्तरीचा साचा ठरलेला असे. सात मूळ पापांची गणना गर्वापासून सुरू होते आणि गर्वाच्या विरुद्ध नम्रता उभी केली जाते. पुढे दयेची चौदा कृत्ये येतात. त्यांतील सात शरीराविषयी आहेत : भुकेल्यास अन्न देणे, तान्हेल्यास पाणी देणे, उघड्यास वस्त्र देणे, आजाऱ्याची आणि बंदिवानाची विचारपूस करणे, अतिथीस आसरा देणे, मृतास पुरणे. या यादीचे सामर्थ्य ती अमूर्त नाही यात आहे. मुलाला सेवेची व्याख्या पाठ करावी लागत नाही. कृत्ये पाठ करावी लागतात. ज्या समाजात पाणी कोणी कोणाला द्यावे आणि प्रेताला कोणी शिवावे हे जन्माने ठरत होते, तेथे हे पाठांतर निरुपद्रवी नव्हते.

मात्र या पाठाचे कौतुक करताना तो देणाऱ्याच्या हाती कोणती सत्ता होती हे विसरून चालणार नाही. १५५९ च्या राजाज्ञेने गोव्यातील आईबापांवाचून राहिलेली हिंदू मुले सेंट पॉल महाविद्यालयाच्या हवाली करून त्यांना ख्रिस्ती करण्याची व्यवस्था केली होती. अशा मुलाला शिकविलेली नम्रता आणि राज्यकर्त्याला हवी असलेली आज्ञाधारकता यांतील सीमारेषा फारच पुसट आहे.

दुसरा टप्पा अहमदनगरचा, आणि खरा पेच येथेच उभा राहिला. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केले. १८४२ मध्ये तेथेच ‘ज्ञानोदय’ निघाले. पुढे १८७० नंतरच्या दशकात या मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे मुलांसाठी मासिक सुरू झाले. हरिपंत खिस्तींसारखे काही ब्राह्मण १८३९ पासून या मंडळीत आले असले, तरी तिचा मोठा भाग महार आणि मांग कुटुंबांतून आला. खेड्यांतल्या शाळांत आणि शब्बाथशाळांत बसणारी बहुतेक मुले याच घरांतली होती.

या मुलांना मार्काच्या दहाव्या अध्यायातील वचन शिकविले जात होते. तुमच्यात जो मोठा होऊ इच्छितो त्याने सेवक व्हावे आणि जो पहिला होऊ इच्छितो त्याने सर्वांचा दास व्हावे, असा त्याचा आशय. मुळातला दुसरा ग्रीक शब्द विकत घेतलेल्या गुलामाचा वाचक आहे. मराठीत त्याला ‘दास’ म्हटले गेले. हा शब्द व्याकरणदृष्ट्या बरोबर असला तरी त्याचा डंख भक्तिपरंपरेने केव्हाच काढून घेतलेला होता. रामदास, विष्णुदास ही आदराची नावे आहेत. ‘गुलाम’ हे कोणाही संताने धारण केलेले नाव नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपल्या ग्रंथाला ‘गुलामगिरी’ असे नाव दिले तेव्हा हा फरक त्यांनी अचूक हेरलेला होता. ब्राह्मण धर्मांतरिताला ‘दास’ शब्दात नाथ-तुकोबांचा सूर ऐकू आला असेल. महार मुलाला त्यात काय ऐकू आले असेल?

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. त्या मुलाचा बाप गावाचा वतनदार सेवक होता. वेशीची राखण, सरकारी चिठ्ठ्या पोचविणे, अंमलदारापुढे धावणे, मेलेले ढोर ओढणे, मर्तिकाचा सांगावा नेणे ही त्याची कामे होती. ‘सर्वांचा दास’ हे त्याच्यासाठी आध्यात्मिक ध्येय नव्हते. ते त्याच्या वतनाचे वर्णन होते. (ही वतने मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने नाहीशी झाली.) या सेवेसाठी मराठीत वेगळा, प्रामाणिक शब्द आहे : वेठ. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या वाकविले त्याला ‘वाकावयास शीक’ असे सांगणारा पाठ एक तर क्रूर ठरतो, नाही तर निरर्थक.

तो तसा ठरला नाही, याचे श्रेय पाठाच्या शब्दांपेक्षा शाळेच्या रचनेला द्यावे लागते. वेठ आणि सेवा यांतील भेद पत्करण्याचा आहे. ज्याला नाकारता येते त्यालाच पत्करता येते, आणि नाकारण्याची पहिली शक्यता त्या मुलाला अक्षरओळखीने, शिक्षकाच्या नोकरीने, गाव सोडून नगरला राहता येण्याने मिळाली. शिवाय प्रभुभोजनाच्या पंक्तीत ब्राह्मण आणि महार यांनी एक भाकर घ्यावयाची होती. वाकण्याची सक्ती प्रथमच वरच्यावर आली. तरीही मिशनच्या व्यवहारात विसंगती उरलीच. शिकविणारा गोरा मिशनरी ‘साहेब’ होता आणि त्याची पत्नी ‘मडमसाहेब’. मराठी बायबलात येशूसाठी ‘तो म्हणाला’ असे एकवचन येते, जसे विठोबासाठी येते; पण साहेबासाठी आदरार्थी बहुवचन अटळ होते. पाय धुणारा ‘तो’ आणि पाय धुण्याचा पाठ देणारे ‘ते’! या विसंगतीची जाणीव ज्या मराठी ख्रिस्ती माणसांना तीव्रतेने झाली त्यांत नारायण वामन टिळक अग्रणी होते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तो देशी वळणाच्या बंधुत्वासाठीच.

तिसरा टप्पा केडगावचा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले तेव्हा तेथील ब्राह्मण विधवांना आपले जातिनियम पाळण्याची मोकळीक होती. १८९६ च्या दुष्काळानंतर आणि विशेषतः १९०० च्या सुमारास केडगावच्या मुक्तिसदनात सर्व जातींच्या मुली येऊन संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तेव्हा अशी मोकळीक राहणे शक्य नव्हते. दुष्काळातून आलेल्या मुली उवांनी, खरजेने, हगवणीने गांजलेल्या असत. त्यांना न्हाऊ-माखू घालण्याचे काम आधी आलेल्या मुलींकडे गेले. दळण, स्वयंपाक, विणकाम, गोठा, तेलघाणा आणि छापखाना ही कामेही मुलींनीच चालविली. येथे सेवेची दिशा वरून खाली नव्हती आणि खालून वरही नव्हती. काल आलेली आज आलेलीची करीत होती. एखाद्या शब्दाला नवा अर्थ कोशकार देत नाहीत, व्यवहार देतो, याचे याहून चांगले उदाहरण मराठीच्या इतिहासात शोधावे लागेल.

रमाबाईंनी याच काळात हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे स्वतंत्र भाषांतर हाती घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला समजेल असे साधे मराठी वापरण्याचा आणि हिंदू दर्शनांचा वास असलेले शब्द टाळण्याचा त्यांचा कटाक्ष होता. प्रौढ वाचकांना ते भाषांतर कित्येक ठिकाणी ओबडधोबड वाटले, आणि ते वाटणे अगदीच निराधार नाही. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यात पूर्ण झाला. त्याचे खिळे जुळविणाऱ्या हातांत दुष्काळातून आलेल्या मुलींचे हात होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ‘सेवक’ हा शब्द मराठी सार्वजनिक जीवनातही नव्या अर्थाने रूढ होऊ लागला. गोखल्यांचा भारत सेवक समाज १९०५ मध्ये पुण्यात स्थापन झाला. या अर्थांतराचे श्रेय एकट्या ख्रिस्ती शिक्षणाला देणे अतिरेकाचे होईल. त्या काळी अनेक प्रवाह एकाच वेळी वाहत होते. ख्रिस्ती मंडळीत मात्र या शब्दाचे पुढे जे झाले ते भाषाभ्यासकाने नोंदवून ठेवावे असे आहे. लॅटिनमधील ‘मिनिस्टर’, म्हणजे वाढपी, चाकर, जसा कालांतराने राज्याचा मंत्री झाला, तसाच मराठी ‘सेवक’ही वर चढला. वसईच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, आणि २०१६ पासून त्या बारांत स्त्रियांनाही स्थान मिळू शकते. नगरकडच्या मंडळीत पाळक अजूनही ‘पाळकसाहेब’ आहेत. आणि प्रवचनकाराचा परिचय करून देताना ‘देवाचे सेवक आले आहेत’ असे म्हटले जाते, आदरार्थी बहुवचनात.