बंद रविवार आणि रमजानचा किराणा

जर्मनीत रविवारी आणि सरकारी सुट्टीला बहुतेक दुकाने बंद असतात. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. 321 मध्ये रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला. 1919च्या वायमार संविधानाने तिला संरक्षण दिले, 1949च्या संविधानाने ते कायम ठेवले. कुरआन मात्र जुम्याला नमाजपुरताच व्यापार थांबवायला सांगतो. तरी 1961च्या करारानंतर आलेल्या तुर्की कामगारांना रविवारची सुट्टी नवी नव्हती.

2023 मध्ये रमजानातच ईस्टर आला. शुक्रवार, रविवार, सोमवार बंद. इफ्तारचा किराणा गुरुवारी किंवा शनिवारीच भरायचा. ईदला तिथे सरकारी सुट्टी नाही. नमाजसाठी रजा टाकावी लागते. तरीही बंद रविवारी दुकानातला रोजेदार नोकर घरच्यांसोबत इफ्तारला बसू शकतो. विश्रांतीचा हा हक्क आपल्याकडच्या मॉलमधल्या पोरांना कुठे आहे?