कवटी, जबानी आणि कोश

जबलपूरच्या दक्षिणेस नर्मदेवर तिलवारा घाट आहे. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले आणि १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थी येथे नदीत विसर्जित झाल्या. या दोन घटनांमुळे घाटाचे नाव राष्ट्रीय इतिहासात नोंदले गेले. परंतु त्याही आधी तिलवारा होता तो वाटसरूंचा घाट. मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपूरकडे जाणारा रस्ता येथे नदी ओलांडून लखनादौन आणि शिवनीच्या दिशेने जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्या वर्षाच्या डिसेंबरात जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले. रजेवर घरी निघालेले शिपाई, सावकारांची रोकड नेणारे जासूद, यात्रेकरू आणि व्यापारी या रस्त्याने जात. त्यांतले काही घरी पोहोचत नसत.

या न पोहोचलेल्या माणसांच्या चौकशीतून एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात तीन प्रकारचे लेखन निर्माण झाले. आजच्या ग्रंथालयात ते तीन वेगळ्या कपाटांत सापडेल: मेंदूविज्ञानाच्या, कायद्याच्या आणि वसाहतीच्या इतिहासाच्या. तिन्हींचा मूळ आधार मात्र एकच होता. तो म्हणजे सागर आणि जबलपूरच्या तुरुंगातील कैदी.

यांतील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ विल्यम हेन्री स्लीमन याचा. नर्मदाखोऱ्यातील दंडाधिकारी म्हणून कारकीर्द घडलेल्या या अधिकाऱ्याने १८३६ मध्ये कलकत्त्याहून 'रामासीआना' प्रसिद्ध केला. ठगांच्या सांकेतिक शब्दांचा कोश, माफीच्या साक्षीदारांशी झालेली संभाषणे, खटल्यांची कागदपत्रे आणि ठगांच्या वंशावळी असे त्याचे स्वरूप आहे. त्यातील 'बनिज' या शब्दाकडे पाहावे. मूळ अर्थ व्यापाराचा माल. ठगांच्या बोलीत मात्र ज्याला मारायचे ठरले तो वाटसरू. माणसाचे मालात होणारे हे रूपांतर एका शब्दात पुरे होते, आणि या धंद्याचा पाया धर्मवेडापेक्षा प्राप्तीचा होता हेही तो शब्द सांगतो.

कोश करण्याची कृती निर्दोष वाटते. परंतु स्लीमनने या शब्दसंग्रहाला ठगांची 'विशिष्ट भाषा' म्हटले, आणि तेथे एक महत्त्वाची उडी घेतली गेली. महाराष्ट्रातील व्यापारी गिऱ्हाइकासमोर आपसांत भाव ठरवताना नंदभाषा वापरीत. तीही सांकेतिक बोली होती. पण तिच्यावरून व्यापाऱ्यांचा एक स्वतंत्र मानववंश आहे, असे कोणी अनुमान काढले नाही. सांकेतिक शब्द हे धंद्याचे साधन असते; ते शिकता येते आणि सोडताही येते. त्याला भाषा म्हटले की ती बोलणारा एक समाज गृहीत धरावा लागतो, आणि समाज गृहीत धरला की जन्माने मिळणारे सभासदत्व आलेच. कोशाशेजारी छापलेल्या वंशावळींनी ते अनुमान पक्के केले.

दुसरे लेखन कवट्यांवरचे. मेंदूचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या मनोवृत्तींची स्थाने असतात आणि कवटीच्या उंचवट्यांवरून त्यांचा अंदाज करता येतो, हा फ्रांझ योझेफ गॉल याच्या विचारातून निघालेला सिद्धान्त त्या काळी विज्ञान म्हणून मान्यता मागत होता. जॉर्ज कूम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८२० मध्ये एडिंबरो येथे या विषयाची संस्था स्थापन केली होती. सागर येथील शल्यवैद्य हेन्री स्प्राय याने ठग ठरविलेल्या सात मृत कैद्यांच्या कवट्या मिळविल्या. त्या या संस्थेकडे पोहोचल्या आणि रॉबर्ट कॉक्स याने संस्थेच्या नियतकालिकात त्यांची चिकित्सा प्रसिद्ध केली. अनेक माणसांना गळफास देणाऱ्यांच्या डोक्यात संहारवृत्तीचे स्थान अवाढव्य असावे, अशी अपेक्षा होती. तसे ते आढळले नाही. मग परिस्थिती, संस्कार, लोभ आणि नैतिक वृत्तींचे दौर्बल्य यांचा आधार घेऊन सिद्धान्त सावरण्यात आला.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. एडिंबरोच्या अभ्यासकांना, स्वतःच्या इच्छेविरुद्ध का होईना, ठग हा जन्मजात खुनी नसून परिस्थितीने घडलेला माणूस आहे असे मानणे भाग पडले. ज्या विद्येला पुढे छद्मविज्ञान ठरवून बाजूला टाकण्यात आले, तिच्या हाती एवढे एक सत्य लागले होते. कायद्याने मात्र नेमकी उलट दिशा धरली.

१८३६ च्या तिसाव्या अधिनियमाने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेप व सक्तमजुरीचा गुन्हा ठरविला. ते सभासदत्व अधिनियमापूर्वीचे असो वा नंतरचे, कंपनीच्या मुलखातील असो वा बाहेरचे, शिक्षा सारखीच. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक माणसाला मारले हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. राधिका सिंघा यांनी कंपनीकाळातील फौजदारी न्यायावरील १९९८ च्या ग्रंथात या कायद्याची जी चिकित्सा केली, तिच्यामुळे त्याचा एक विलक्षण विशेष लक्षात येतो: त्यात 'ठग' शब्दाची व्याख्याच नव्हती. ती आली १८६० च्या भारतीय दंडसंहितेत, कलम ३१० मध्ये. म्हणजे शिक्षा आधी आणि व्याख्या चोवीस वर्षांनी. ते कलम पुढे दीड शतकाहून अधिक काळ संहितेत राहिले. १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते नाही.

सभासदत्व सिद्ध कसे होई? मुख्यतः माफीच्या साक्षीदाराच्या ओळखीने. फिलिप मेडोज टेलर याने आपल्या १८३९ च्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीच्या प्रस्तावनेत १८३१ ते १८३७ या काळातील आकडे दिले आहेत: फाशी ४१२, काळ्या पाण्यावर व इतरत्र हद्दपार १०५९, माफीचे साक्षीदार ४८३. फासावर गेलेल्यांपेक्षा बोलते झालेले अधिक होते. ज्याचा जीव त्याच्या बोलण्यावर अवलंबून आहे, त्याचे बोलणे 'रामासीआना'त संवादरूपाने छापले आहे. साहित्याच्या अभ्यासकाला येथे पाठचिकित्सेचा साधा नियम आठवावा लागतो: उत्तर वाचण्यापूर्वी प्रश्न वाचावा, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती काय होते तेही पाहावे. भवानीचा कोप झाला म्हणून आपण पकडले गेलो, असे साक्षीदार सांगतो तेव्हा ती त्याची श्रद्धा असू शकते. तसेच साहेबाला पटेल अशा भाषेत दिलेले स्पष्टीकरणही असू शकते.

याचा अर्थ ठग नव्हतेच असा नाही. उमरावतीचा पेढीवाला धनराज शेट याची रोकड लुटली गेली, ती नेणारे मारले गेले, आणि त्याच्या गुमास्त्याने पकडलेल्या ठगांशी सौदे करून, प्रसंगी त्यांना सोडवून, पैसा परत मिळविण्याचा खटाटोप केला. स्लीमनने याबद्दल तक्रार नोंदविली आहे. सावकाराच्या दृष्टीने हा वसुलीचा मामला होता, सरकारच्या दृष्टीने फौजदारीचा. मेलेल्या जासुदांचा विचार दोन्ही बाजूंना दुय्यम होता. १९५९ मध्ये हिरालाल गुप्त यांनी इंग्रजी राज्यविस्ताराने उद्ध्वस्त झालेल्या लोकजीवनाशी ठगीचा संबंध जोडला. स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्ये माळव्यातील सत्तास्पर्धेच्या संदर्भात तिचा विचार केला. किम वॅग्नर यांनी २००७ च्या ग्रंथात, ठगी ही केवळ इंग्रजांची कल्पना होती हा टोकाचा पक्षही नाकारला. रस्त्यावर खून होत होते; पण त्या खुनांवरून उभी केलेली देशव्यापी, वंशपरंपरागत, धर्मबद्ध संघटना हे पुष्कळ अंशी कागदावरचे बांधकाम होते.

त्या बांधकामाचे आयुष्य मात्र मोठे ठरले. जबलपुरात माफीच्या साक्षीदारांची वसाहत झाली; त्यांना व त्यांच्या मुलांना तंबू आणि सतरंज्या विणण्याचे काम देणारी उद्योगशाळा निघाली. सुधारणेचा हेतू त्यात होता, तसाच वंशावरचा पहाराही होता. कृत्याऐवजी सभासदत्व आणि सभासदत्वाऐवजी जन्म, हा क्रम १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पूर्णत्वास गेला. त्या कायद्याने ज्यांच्या कपाळी शिक्का मारला, त्यांचा ठगांशी काही संबंध असो वा नसो, त्यांना मोजण्याची आणि हजेरी लावण्याची पद्धत या आधीच्या कागदांतून तयार झाली होती. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का पुसला गेला नाही.

मराठी वाचकाला याची जाणीव इतिहासग्रंथांनी नव्हे, तर लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने करून दिली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या आत्मकथनात चोरी आहे, टोळी आहे, पोलिसांचा मार आहे आणि सांकेतिक शब्दही आहेत. 'रामासीआना'तील सामग्रीपेक्षा ही सामग्री फार वेगळी नाही. वेगळे आहे ते बोलण्याचे प्रयोजन. येथे बोलणारा कोणाकडून माफी मिळवण्यासाठी बोलत नाही, त्याचे शब्द दुसरा कोणी कोशात मांडत नाही, आणि भूक कोठे संपली व चोरी कोठे सुरू झाली हे ठरविण्याचा अधिकार तो स्वतःकडे ठेवतो.

नर्मदेकाठच्या तुरुंगांतून निघालेले कागद या आत्मकथनाशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. मेंदूविज्ञान, कायदा आणि इतिहास यांच्या भाषा आज पुष्कळ बदलल्या आहेत. उंचवटे मोजण्याची जागा अधिक सूक्ष्म साधनांनी घेतली आहे. पण माणसाने काय केले याऐवजी तो कोणाच्या पोटी जन्मला, यावरून त्याला ओळखण्याचा मोह कोणत्याही शास्त्राला होऊ शकतो. तिलवाऱ्याच्या वाटेवर जे मारले गेले त्यांना न्याय हवा होता. त्या न्यायाच्या नावाने पुढच्या पिढ्यांकडून जे वसूल केले गेले, त्याचा हिशेबही त्याच इतिहासाचा भाग आहे.