अभ्रकोठी

विद्युत भारित अवअणुकणांचे मार्ग डोळ्यांना दिसतील व छायाचित्रात टिपता येतील असे पहिले उपकरण. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स टॉमसन रीस विल्सन (१८६९–१९५९) यांनी ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत विकसित केले. विल्सन यांना कण शोधायचेच नव्हते. सप्टेंबर १८९४ मध्ये बेन नेव्हिस शिखरावरील वेधशाळेत असताना धुक्यावर पडलेल्या सावल्यांभोवती त्यांना रंगीत वलये दिसली आणि तसे ढग प्रयोगशाळेत तयार करण्याच्या खटपटीला ते १८९५ मध्ये लागले.

काचेच्या कोठीतील दमट हवा दट्ट्या ओढून एकदम प्रसरण पावू दिली की ती थंड होते आणि तिच्यातील बाष्प धूलिकणांवर साकळते. मात्र हवेत धूळ अजिबात नसली तरी तिचे आकारमान सु. १.२५ पट होताच थोडे थेंब बनतात, असे विल्सन यांना आढळले. १८९६ मध्ये कोठीवर क्ष-किरण सोडताच हे थेंब दाटले. म्हणजे ते आयनांवर धरत होते. भारित कण वायूतून जाताना वाटेतील अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतो व मागे आयनांची रांग सोडतो. त्यांवर धरलेल्या थेंबांची पहिली छायाचित्रे १९११ मध्ये मिळाली. आल्फा कणांचा माग जाड व बहुधा सरळ, तर मंद इलेक्ट्रॉनाचा विरळ व वेडावाकडा असतो. विल्सन यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक आर्थर कॉम्प्टन यांच्याबरोबर विभागून मिळाले.

कोठी चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यास माग वळतो. पण खाली जाणारा ऋण कण आणि वर जाणारा धन कण यांचे माग सारखेच वळतात, ही खरी अडचण. कार्ल अँडरसन यांनी तीवर काढलेला तोडगा या उपकरणाच्या इतिहासातील सर्वांत चतुर म्हणावा लागेल. त्यांनी कोठीत ६ मिमी. जाडीचा शिशाचा पत्रा आडवा बसवला. पत्र्यातून जाताना कणाची ऊर्जा घटते, म्हणून पलीकडे तो अधिक वळतो. २ ऑगस्ट १९३२ च्या छायाचित्रात वरच्या बाजूचा बाक जास्त होता. अर्थात कण खालून वर गेलेला व धनभारित होता. तो प्रोटॉनही नव्हता, कारण एवढा वळणारा प्रोटॉन वायूत सु. ५ मिमी. जाऊन थांबला असता, आणि हा माग ५ सेंमी.हून लांब होता. अशा रीतीने पॉझिट्रॉन सापडला.

प्रसरणानंतर कोठी क्षणभरच संवेदनशील राहते, त्यामुळे दुर्मिळ घटना नशिबानेच हाती लागत. नायट्रोजनाच्या अणुकेंद्राचे रूपांतर दाखवणारे ८ माग मिळवण्यासाठी पॅट्रिक ब्लॅकेट यांना सु. २३,००० छायाचित्रे घ्यावी लागली होती. १९३२ मध्ये त्यांनी व जुझेप्पे ओकियालिनी यांनी कोठीच्या वर-खाली गायगर गणित्रे बसवली. दोन्हींतून एकदम संकेत आला तरच प्रसरण होई. विश्वकिरणांतील म्यूऑन (१९३६) आणि ‘व्ही’ कण (१९४७) अभ्रकोठीतच दिसले. १९५० नंतरच्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उटी येथे अनेक पत्रे बसवलेल्या अभ्रकोठीने विश्वकिरणांचा अभ्यास केला. १९५२ मध्ये डोनाल्ड ग्लेझर यांनी बुडबुडा कोठी शोधली; तिच्यातील द्रव वायूपेक्षा पुष्कळ दाट असल्याने कणांच्या टकरी अधिक होत, आणि कणवेगवर्धकांपाशी अभ्रकोठी लवकरच मागे पडली.