धुराचं अत्तर

अत्तर म्हटलं की आपल्याला मोगरा, केवडा, वाळा, फार तर ओली माती आठवते. पण शहरातल्या रात्रीचं अत्तर? तेही असतं मंडळी, आणि चांगलंच महाग असतं! त्याचा इतिहास मात्र गमतीशीर आहे.

पहिलं महायुद्ध संपलं आणि पॅरिसच्या रात्री पुन्हा जाग्या झाल्या. केस आखूड कापलेल्या बायका चारचौघांत सिगारेट ओढू लागल्या. ज्यांना हे खटकलं, त्यांनी नाकं मुरडली. अत्तरवाल्यांनी मात्र यात गिऱ्हाईक पाहिलं. १९१९ साली 'कारों'च्या अर्नेस्ट दाल्त्रॉफने 'ताबाक ब्लाँ' आणलं. त्यात फुलं होती, पण चामड्याचा पुरुषी वासही होता. १९२१ साली 'मोलिनार'ने त्याही पुढची कल्पना लढवली. त्यांचं 'हबानिता' आधी अंगाला लावायचं नव्हतंच, ते होतं सिगारेटसाठी! काचेच्या काडीने सिगारेटला लावायचं, की धूरच सुगंधी. अंगाला लावायचं 'हबानिता' १९२४ साली आलं.

म्हणजे तेव्हा धूर खरा होता, अत्तर त्याला सावरून घ्यायला होतं.

पुढे सगळं उलटं झालं. २००३ साली न्यूयॉर्कच्या बारमधून सिगारेट हद्दपार झाली. २००८च्या १ जानेवारीला फ्रान्समधल्या कॅफेंतून आणि नाइटक्लबांतून गेली, त्याच वर्षी २ ऑक्टोबरला आपल्याकडेही बंदी आली. आणि नेमक्या याच काळात अत्तरवाल्यांना धुराची आठवण झाली. २००६ साली 'एता लिब्र दोरांज'ने 'जास्मँ ए सिगारेट' काढलं. २०१३ साली मार्जिएलाचं 'जॅझ क्लब' आलं, त्यात रम आणि तंबाखूची पानं. त्या मालिकेचं नावच मुळी 'रेप्लिका', म्हणजे आठवणींची नक्कल.

जे शहराने बाहेर घालवलं, तेच बाटलीत भरून परत आणलं. आणि तेही दामदुप्पट!

आमच्या घरात हा वास फुकट होता. घरातल्या वाचकांना काकांचा तो तपकिरी कोट आठवत असेल. रात्रपाळीहून आले की खुंटीवर टांगायचे. तंबाखू, घाम आणि खोबरेल तेल असा काहीसा वास यायचा. त्याच धुराने त्यांची फुप्फुसं खाल्ली. म्हणून बंदी आली याचं मला मनापासून बरं वाटतं, त्यात कसलाही किंतु नाही.

पण ते 'रेप्लिका'वाले कशावर पैसे कमावतात, तेही मला कळतं. वासाचा फोटो काढून ठेवता येत नाही. काकांचे फोटो आहेत आपल्याकडे, चांगले अल्बमभर. कोट मात्र काकूने धुऊन कुणाला तरी देऊन टाकला.