काचेवरील वारसा : राजा दीनदयाळ यांचा छायाचित्रसंग्रह आणि त्यांचे वंशज

पाली वाङ्मयात ‘दायाद’ म्हणजे वारस. मज्झिमनिकायातील तिसऱ्या सुत्ताचे नावच ‘धम्मदायाद’ असे आहे. आमिषाचे, म्हणजे भौतिक लाभाचे वारस होऊ नका, धम्माचे वारस व्हा, असा उपदेश तथागतांनी त्यात भिक्खूंना केला आहे. या उपदेशाचा हवाला देऊन जुन्या वस्तूंच्या जपणुकीला गौण लेखण्याची प्रवृत्ती आम्हांला अधूनमधून आढळते. आमच्या मते हा अर्थविपर्यास होय. तो उपदेश लोभाविषयी आहे, इतिहासाच्या साधनांविषयी नाही. वस्तू सांभाळणाऱ्या वारसांचे बौद्ध पुरातत्त्वावर केवढे ऋण असू शकते, हे दाखविण्यासाठी आम्ही येथे एका जैन कुटुंबाचा वृत्तान्त घेतला आहे.

लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळील सरधना येथे झाला. रुडकीच्या टॉमसन महाविद्यालयात त्यांनी स्थापत्याचे शिक्षण घेतले आणि १८६६ मध्ये ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. कॅमेरा त्यांच्या हाती आला तो पुढे, वयाच्या तिशीत. १८८२ मध्ये मध्य हिंदुस्थानचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर गेले. मध्य भारतातील प्रसिद्ध स्मारकांवरील जो ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातील छायाचित्रे दीनदयाळांची. ग्रंथकर्ता म्हणून नाव मात्र ग्रिफिनचे. सांचीचा महास्तूप त्या काळी त्यांच्या भिंगासमोर आला.

तो काळ सांचीच्या दृष्टीने नाजूक होता. १८२२ मध्ये स्तूपाला खिंडार पाडण्यात आले होते. १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेझी यांनी स्तूप उकरून सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्या अस्थी बाहेर काढल्या. १८८१ ते १८८३ या वर्षांत मेजर कोल यांनी खिंडार बुजविले आणि कोसळलेली दक्षिण व पश्चिम तोरणे पुन्हा उभी केली. या कामात एक गंभीर चूक झाली. दक्षिण तोरणाच्या आडव्या तुळया उलट्या बसविल्या गेल्या. त्यांची अधिक महत्त्वाची, भरगच्च शिल्पांची बाजू स्तूपाकडे वळली. जेथून उपासक प्रवेश करतो तेथे मागची बाजू आली. पुढे १९१२ ते १९१९ या काळात सर जॉन मार्शल यांनी सांचीचे विस्तृत काम केले आणि ही चूक आपल्या लेखनात नोंदविली.

अशा ठिकाणी जुने चित्र हा केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही. कोणता दगड कोठे होता, कोणता नंतर बसविला, याची साक्ष तोच देऊ शकतो. मेझीची १८५१ मधील रेखाटने, वॉटरहाउसची १८६२ ची छायाचित्रे आणि दीनदयाळांची छायाचित्रे एकापुढे एक ठेवली, तर दुरुस्तीच्या आधीची व नंतरची सांची आपल्याला वाचता येते. याच दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंतकारांनी कोरीवकाम केल्याची नोंद आहे, आणि राजा सातकर्णीच्या कारागिरांच्या प्रमुखाचे, वासिष्ठीपुत्र आनंदाचे, दानही तेथेच कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कारागिराचे नाव दगडावर राहिले. ग्रिफिनच्या ग्रंथकर्तृत्वाखाली दीनदयाळांचे नाव जवळजवळ झाकले गेले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

नोकरी सोडल्यावर त्यांनी छायाचित्रण हाच पूर्णवेळ व्यवसाय केला. १८८६ मध्ये सिकंदराबादला आणि १८९६ मध्ये मुंबईत त्यांचा स्टुडिओ सुरू झाला. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. धाकटा मुलगा धरमचंद १९०४ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी दीनदयाळही गेले. मागे उरले थोरले ज्ञानचंद, घटत चाललेला धंदा, आणि काचेच्या निगेटिव्हची रास.

ही रास सांभाळणे म्हणजे काय, हे फिल्मवर वाढलेल्या पिढीला सहसा उमगत नाही. प्रत्येक निगेटिव्ह म्हणजे एक जड काच. आडव्या रचल्या तर वरच्यांच्या भाराने खालच्या तडकतात. म्हणून त्या उभ्या ठेवाव्या लागतात. पावसाळी हवेत जिलेटिनचा थर सुटतो, त्यावर बुरशी चढते. छायाचित्राचे मोल संपले तरी काचेचे संपत नाही. थर खरवडून कोरी काच विकण्याचा मोह अनेक छायाचित्रकारांच्या वारसांना झालेला आहे. प्रथम या काचा व्यवहारासाठी ठेवल्या गेल्या असणार, कारण गिऱ्हाइकाने पुन्हा प्रत मागितली तर निगेटिव्ह हवीच. परंतु गिऱ्हाईक, संस्थान आणि खुद्द निजामशाही लयास गेल्यावरही नातवंडांनी त्या टाकल्या नाहीत. येथे व्यवहार संपला आणि वारसा सुरू झाला, असे आम्ही मानतो.

१९८० मध्ये क्लार्क वॉरस्विक यांचे पुस्तक निघाले आणि विद्वानांचे लक्ष या संग्रहाकडे वळले. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने कुटुंबाकडून २,८५७ काचेच्या निगेटिव्ह घेतल्या. स्टुडिओचा एकूण व्याप पाहता हा उरलेला अंशच म्हणावा लागेल. तरी एका घराने आठ दशकांहून अधिक काळ एवढा अंश राखला, ही लहान गोष्ट नव्हे.

दीनदयाळांच्या स्टुडिओत निगेटिव्हवरच क्रमांक आणि स्थळाचे नाव लिहीत, त्यामुळे ते कागदावरील प्रतीतही उतरे. ग्रिफिनच्या दौऱ्यातील प्रती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इतर अनेक प्रती संस्थानिकांच्या व इंग्रज अधिकाऱ्यांच्या आल्बमांतून देशोदेशी विखुरल्या. स्टुडिओच्या अशा एखाद्या सुट्या प्रतीवर क्रमांक आढळला, तर दिल्लीतील काचांमध्ये तिची मूळ निगेटिव्ह उरली आहे काय, हे आता ताडून पाहता येते.